आडातली दारू

नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला की आमच्या गल्लीतल्या बायका नाकं मुरडतात. मला मात्र वास आला नाही तर चैन पडत नाही. दोनदोनदा पेला नाकाशी नेते. लेक चिडवते, "आई, क्लोरीन आहे ते, अत्तर नव्हे." तिला काय सांगू? त्या वासानंच तिला वाचवलं.

ती तेव्हा दोन वर्षांची होती. निजामाचं राज्य होतं. तेरणेकाठच्या आमच्या गावात पटकी शिरली आणि सकाळी धडधाकट दिसलेलं माणूस संध्याकाळी नसायचं. एक दिवस सरकारी दवाखान्याचा माणूस आला. पांढरी पूड बादलीत कालवून त्यानं ती गावच्या आडात ओतली आणि ओरडून सांगितलं, "बावडी में दारू डाले हैं. अब इसीच का पानी पियो, नदी का नक्को!"

दारू! लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात घास न घालणारी माझी सासू ते ऐकून तडक घरात शिरली. तिनं आडाचं पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं नि नदीच्या वाळूतल्या झिऱ्याची वाट धरली.

माझं माहेर उस्मानाबादेत, शेजार सगळा दखनी बोलणारा. मी म्हटलं, "आत्याबाई, त्यांच्या बोलीत दारू म्हंजी औषध."

"तू लई शिकलेली. तुझं तू बघ."

मला राग आला. बघते म्हटलं, आणि खरंच माझंच बघितलं. लेकीसाठी आडाची घागर वेगळी भरली. पहिला तांब्या मी प्याले. वास घशात बसला. दवाखान्याच्या माणसाचा हात चुकून जास्त पडला असला तर? दिवसभर आत-बाहेर करत होते, लेकीचं कपाळ चाचपत होते. तिला काही झालं नाही.

सासूची घागर चुलीजवळ असायची. ती पूजेला बसली की त्या घागरीत आडाचं पाणी मिसळावं, असं रोज मनात यायचं. एकदा तांब्या उचललाही. पण तिची पूजा बाटवल्याचं पाप नको वाटलं आणि तिचे ते शब्दही अजून झोंबत होते. तांब्या खाली ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी तिला ढाळ-वांत्या सुरू झाल्या. दुपारी तिचे डोळे खोल गेले. पाणी पाणी करत होती. मी आडाचं पाणी तिच्या ओठांशी धरलं.

"हे दारूचं व्हय?"

"औषधाचं, आत्याबाई."

ती तांब्याभर पाणी प्याली. पोटात ठरलं नाही. मग माझं मनगट धरून, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आमटीतल्या मिठावरनं माझ्यासंगं दिस दिस भांडतीस. मंग ह्याच्यावरनं का न्हाय भांडलीस गं?"