केकला दोन्ही हात लागतात

डिसेंबर लागला की आम्ही ग्वेल्फहून, कॅनडातल्याच जवळच्या किचनरच्या ख्रिसमस बाजारात जातो. या गावाचं जुनं नाव बर्लिन, त्यामुळे बाजाराचा थाट अस्सल जर्मन. नवऱ्याला तिथले सॉसेज हवे असतात, लेकीला जिंजरब्रेड. मला मात्र केकवाल्या आजी बघायच्या असतात.

त्यांच्याकडे श्टोलन मिळतो. सुका मेवा घातलेला, पिठीसाखरेत घोळवलेला हा लांबट केक दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूसारखा दिसतो. आजी तो उचलतातही तसाच, एक तळवा डोक्याखाली, एक पायांखाली. समोरच्याने दोन्ही हात पुढे केल्याशिवाय सोडत नाहीत. मागच्या वर्षी नवऱ्याने एका हातात फोन ठेवून दुसरा पुढे केला, तर आजी ढिम्म उभ्या. "ममा, इट्स जस्ट केक!" लेक कुजबुजली. शेवटी फोन खिशात गेला, तेव्हा केक मिळाला.

यंदा आजींच्या कडेवर खरंखुरं बाळ होतं, त्यांचा नातू. सून वॉशरूमला गेली होती. नवरा आणि लेक सॉसेजच्या रांगेत. माझा नंबर आला. आजींनी केककडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि टेबलावरून वाकून बाळ सरळ माझ्याकडे दिलं.

"याला जरा धर. केकला दोन्ही हात लागतात."

इथे लोक दुसऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. इतक्या वर्षांत कुणी आपलं मूल असं माझ्याकडे दिलं नव्हतं. बाळ माझ्या मफलरची झालर चघळू लागलं.

तोवर आजींनी केक उचलला होता, पण आता माझे हात मोकळे नव्हते. मागे रांग वाढत होती. आम्ही दोघी आपापलं बाळ सांभाळत, हसत उभ्या राहिलो.