सांध्यावर ठोकलेला नंबर

"साहेब येतायत. तू टँकरमागे हो."

पराग मला हे म्हणाला तेव्हा माझ्या अंगावरचा चामड्याचा एप्रन अजून गरम होता. पाचच मिनिटांपूर्वी मी दोन रुळांमधला सांधा ओतला होता. साचा फोडायचा होता, वर आलेलं पोलाद तापलेलं असतानाच छिन्नीने उडवायचं होतं. मी छिन्नी खाली ठेवली. एप्रन काढला, कारण लेबरच्या अंगावर वेल्डरचा एप्रन दिसला तर साहेब विचारणार. मग पाण्याच्या टँकरमागे जाऊन उभा राहिलो. पस्तीस वर्षांचा बाप्या माणूस. लपाछपी खेळत होतो.

टँकरच्या चाकांमधून मला फक्त पाय दिसत होते. लष्कराकडून काम तपासायला आलेल्या सुभेदार साहेबांचे चकचकीत बूट. परागचे नवे सेफ्टी शूज.

"जॉइंट किसने डाला?"

"मैंने, सर."

"बढिया है."

ते "बढिया" माझं होतं. ते परागने घेतलं, खिशात घातल्यासारखं, सहज. बूट निघून गेले. मग हाक आली, "ये आता. नंबर ठोक."

हा नंबर काय ते सांगतो. रुळाचा प्रत्येक सांधा ओतून झाला की त्याच्या शेजारी रुळाच्या अंगावर पोलादी पंच ठेवून, हातोडीने आकडे ठोकतात. सांधा कितवा, कधी केला आणि कोणी केला. वेल्डरच्या सर्टिफिकेटवरचा नंबर तिथे येतो. दहा वर्षांनी तो सांधा तुटला तरी कोणाचा हात होता ते कळतं. आमच्या धंद्यात तीच सही आणि तीच अब्रू.

पराग पंचांची डबी माझ्या हातात द्यायचा आणि मी माझ्या हाताने त्याचा नंबर ठोकायचो. पहिल्या दिवशी हात अडखळला होता. पुढे अडखळेनासा झाला. याचीच मला आज जास्त चीड येते.

युद्ध सुरू होऊन महिना झाला होता. सरहद्दीकडे रणगाडे, दारूगोळा आणि माणसं न्यायला लष्कराला रेल्वेचा जुना फाटा नव्याने बांधून हवा होता, तोही तातडीने. कुशल कामगार हवेत, मजूर हवेत, असं सगळीकडे झालं. आमच्या शेठला त्यातलं सांधे ओतायचं काम मिळालं. वालीवला त्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं, दोन कागद ठेवले. एकावर "कुशल", दुसऱ्यावर "लेबर". मी कुशलच्या रांगेत उभा राहिलो. का नाही राहणार? अकरा वर्षं मी सांधे ओततोय. ज्या म्हाताऱ्या उस्तादाकडे शिकलो, तो शेवटी शेवटी मला विचारायचा, "बघ रे, रूळ तापला का?" तापलेल्या रुळाचा रंग पिकल्या पपईच्या गरासारखा आला की मूस पेटवायची, म्हणजे साच्यावरच्या भांड्यातली भुकटी, तिचंच पोलाद होऊन खाली उतरतं. लोक घड्याळ बघतात. मी रंग बघतो.

शेठने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग मोठ्याने माझं आडनाव वाचलं. नुसतं आडनाव. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तू इकडे कुठे? तुझं त्या कागदावर."

"शेठ, मी वेल्डर आहे."

"सर्टिफिकेट दाखव."

सर्टिफिकेटला परीक्षा असते. परीक्षेला मालकाने पाठवावं लागतं, अनुभवाचं पत्र द्यावं लागतं. दर वर्षी मी पत्र मागायचो, दर वर्षी शेठ "पुढच्या खेपेला" म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने पत्र दिलं. परागला. पराग त्याचा भाचा. डिप्लोमा झालेला, घरात बसलेला. परीक्षेच्या आधी तीन आठवडे त्याला साचा बांधायला मीच शिकवलं होतं.

शेठने आवाज खाली आणला. "हे बघ, एवढं युद्धाचं काम लेबर म्हणून कर. परत आलास की तुला परीक्षेला पाठवतो. शब्द आहे माझा."

मला दुसरं काही नको होतं. पगारवाढ नको, कॉटवर झोपायला नको. मला माझा नंबर हवा होता. म्हणून मी दुसऱ्या कागदावर सही केली आणि निघालो.

आमचा बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला, मिठागराच्या बांधाला लागून आहे. आईचं आयुष्य मिठागरात गेलं. तिच्या तळपायाला अजून भेगा आहेत, त्यात मीठ गेलं की ती शिव्या देते. पण कोणाला, ते कधी सांगत नाही. निघताना तिने सुक्या बोंबलांची पुडी दिली. म्हणाली, "तिकडं पानी कसा हाय कोन जाने. उकलून पी."

तिकडे सगळीकडे रेती. दिवसा ऊन, पहाटे हाडं गोठवणारी थंडी. आल्याबरोबर सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा झाले. रविवारी ऑफिसच्या फोनवरून पाच मिनिटं घरी बोलायला मिळायचं, तेही जवान शेजारी उभा असताना. तंबू दोन. कुशल कामगारांच्या तंबूत कॉट. लेबरच्या तंबूत जमिनीवर ताडपत्री. लेबर सगळे दुसऱ्या मुलखातले, आपसात त्यांच्या भाषेत बोलायचे. मी दिवसभर परागबरोबर दिसायचो, म्हणून त्यांना वाटायचं मी मालकाचा माणूस. मी तंबूत शिरलो की ते गप्प बसायचे. कुशलवाल्यांना मी चहाच्या वेळीसुद्धा दिसायचो नाही. जेवणाचं ताट घेऊन मी कुठे बसायचं ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. बहुतेक वेळा उभ्यानेच जेवलो.

एका रविवारी आईने फोनवर विचारलं, "तिकडं आपला कोन हाय का रे?"

"हाय," मी म्हणालो.

खोटं बोललो. फोन ठेवला आणि रुळांच्या ढिगाआड जाऊन रडलो. मला लाज वाटत नाही सांगायला. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. माणूस माणसांत नसला की एकटा असतो, हे ठीक. मी कामातसुद्धा नव्हतो. कामात पराग होता.

मग तो दिवस आला. रुळांखाली घालायच्या स्लीपरच्या वाघिणी आल्या, माणसं कमी पडली, आणि मी कागदावर लेबरच असल्यामुळे मला उतरवायला पाठवलं. परागला त्या दिवशी एक सांधा स्वतः ओतावा लागला. साचे आदल्या दिवशी उघड्यावर राहिले होते, त्यांच्यावर पहाटेचं दव बसलं होतं. ओला साचा आधी शेकायचा, कोरडा खडखडीत करायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ओल्या साच्यात ओतलेलं पोलाद आतून घावनासारखं जाळीदार होतं. वरून गुळगुळीत दिसतं. मालगाडी गेली की तुटतं.

दोन दिवसांनी तपासणीचं यंत्र रुळावरून फिरलं आणि त्या सांध्यावर वाजू लागलं.

सुभेदार साहेबांनी वाकून नंबर वाचला. "किसका है?"

पराग पांढराफटक पडला. क्षणभरच. मग त्याने टँकरकडे बोट केलं.

"सर, नंबर मेरा है, लेकिन उस दिन जॉइंट लेबर ने डाला था."

मला टँकरमागून बाहेर बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चांगले सांधे परागचे, आणि हा एक माझा.

मी काही बोलण्याआधीच ऑफिसातून निरोप आला, शेठचा फोन आहे. सांधा फसलाय हे भाच्याला ओतल्या दिवशीच कळलं असणार, आणि ऑफिसच्या फोनवरून त्याने मामाला आधीच सांगून ठेवलं असणार. शेठ गोड आवाजात म्हणाला, "अरे, हो म्हणून टाक. तुला काय फरक पडतो? त्याचं सर्टिफिकेट जाईल. तुझ्याकडे जायला आहे काय?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"परीक्षेचं पत्र लिहूनच ठेवलंय मी. आलास की घेऊन जा." आणि मग, समजावल्यासारखं, "तुमच्या लोकांच्या हातात कसब असतं, ते कोण नाकारतंय? कागदाचं काय ते आम्ही बघतो ना."

तुमच्या लोकांच्या हातात. आम्ही बघतो. त्या दोन वाक्यांत माझी अकरा वर्षं मला लख्ख दिसली. पत्र मला कधीच मिळणार नव्हतं. मिळालं असतं तर परागच्या नंबरासाठी सांधे कोणी ओतले असते? मी फोन ठेवला. शेठ अजून बोलत होता.

बाहेर येऊन सुभेदार साहेबांसमोर उभा राहिलो.

"साहब, ये वाला मेरा नहीं है. बाकी सब मेरे हैं."

"बाकी सब मतलब?"

"पहले दिन से आज तक जितने डाले, सब."

मला वाटलं होतं साहेब परागवर उखडतील. वेडा मी. साहेबांचा राग निघाला तो माझ्यावर. इतके सांधे त्यांनी बघून पास केले होते. ते सर्टिफिकेट नसलेल्या हाताने ओतलेले निघाले तर उत्तर त्यांना द्यावं लागणार होतं.

"मुँह बंद रखो," ते हळूच म्हणाले. "शाम को गाडी आ रही है. पहले काम करो."

खराब सांधा कापायचा, रुळाचा नवा तुकडा बसवायचा, दोन्ही टोकांना दोन नवे सांधे ओतायचे. परागने माझ्याकडे बघितलं. साहेबांनीपण. आता टँकरमागे जा म्हणायला कोणाला सवड नव्हती. मी एप्रन चढवला.

मी ते दोन सांधे ओतले. मनात आलं होतं, हात वर करावेत. पण गाडीत रणगाड्यांबरोबर वीस-बावीस वर्षांची पोरं असणार होती. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. मी साचे तीनदा शेकले. रूळ तापवला, रंग बघितला, मूस पेटवली. पोलाद खाली उतरलं तेव्हा आजूबाजूला वीसेक माणसं उभी होती आणि सगळ्यांनी बघितलं की कोणाचा हात आहे.

ग्राइंडिंग झालं. परागने पंचांची डबी पुढे केली.

"ठोक."

"नाही."

"वेडेपणा करू नकोस. युद्ध चालू आहे. देशद्रोह होईल हा."

"देशासाठीच ओतलेत. नंबर देशाचा नाहीये, तुझा आहे."

सुभेदार साहेब दोन पावलं पुढे आले. "नंबर डालो."

"मेरा नंबर नहीं है, साहब. और इसका मैं नहीं डालूँगा."

लेबरपैकी एकही पुढे आला नाही, कुशलपैकी एकही नाही. ज्याच्या शेजारी मी महिनाभर ताडपत्रीवर झोपलो तो माणूस रेतीकडे बघत राहिला. त्यालाही घर होतं, मी समजू शकतो. पण त्या वेळी मला कोणाचीतरी नजर हवी होती, आणि ती मिळाली नाही.

शेवटी परागने स्वतः हातोडी घेतली. त्याला पंच सरळ धरता येईना. आकडे वेडेवाकडे उमटले, एक तर दोनदा ठोकावा लागला. सुभेदार साहेब दुसरीकडे बघत होते.

माझा गेटचा पास काढून घेतला. मोबाइल परत दिला. रसद घेऊन आलेला ट्रक रिकामा परतत होता, त्यात बसवलं. संध्याकाळची गाडी मी बघितली नाही. ती माझ्या सांध्यांवरून कशी गेली, हे मला कोणी कळवलं नाही.

घरी पोचेपर्यंत शेठने गावात आणि वालीवला पसरवलं होतं, हा युद्धातून पळून आला. ज्या शेडमध्ये मला हाक मारून चहा पाजायचे, तिथे "सध्या काम नाही" ऐकलं. एकाने तर तोंडावर विचारलं, घाबरलास काय रे गोळ्यांना? मी त्याला काय सांगू? गोळी मी ऐकलीसुद्धा नाही. मला मारलं ते सावकाश, गोड भाषेत, आपल्याच माणसांनी.

आई म्हणाली, "शेठच्या पाया पड नि ये. काम तरी मिलंल."

"नाही पडणार."

"मंग खा ती इज्जत."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकत नाही. तिला पोरगा कामावर हवा आहे. पण मी तिच्या भेगांकडे बघतो आणि मला कळतं, पाया पडत पडत आम्ही इथपर्यंत आलोय.

आता मी एक अर्ज लिहिला आहे. लष्कराला, रेल्वेला, परीक्षा घेणाऱ्या कचेरीला, तिघांना. त्यात मी कोणाची नुसती तक्रार केलेली नाही. मी लिहिलंय की त्या फाट्यावर माझ्या हाताने मी खोटा नंबर ठोकला, रोज ठोकला, जाणूनबुजून ठोकला. कोणकोणते सांधे, तेही लिहिलंय. मला ते सगळे पाठ आहेत. पाहिजे तर यंत्र फिरवून बघा, एकही वाजणार नाही. वाजलाच तर मला विचारा, परागला नको.

पोस्टातला ओळखीचा कारकून म्हणाला, "अरे, हा तर स्वतःविरुद्धचा कबुलीजबाब झाला. आत टाकतील तुला."

टाकू देत. केस करायची तर त्यांना कागदावर लिहावं लागेल की हे सांधे कोणी ओतले. लेबर म्हणून मला कोणी जाब विचारला नाही, मी आयुष्यभर सुटत आलो. या वेळी शिक्षा झाली तर ती वेल्डर म्हणून होईल. मी तिन्ही पाकिटं रजिस्टर केली आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.