मावशीने शिवलेले बूट

माझी मावशी बूट शिवते. चामड्याचे, हाताने, आणि तिच्या मते जगात दुसऱ्या कोणाला जमणारच नाहीत असे. एकदा पाय बघितला की ती माणूस विसरेल, पण पाय विसरायची नाही.

माझ्या लग्नाचे बूटही तिनेच शिवले. आणि भर लग्नात माझी आई चारचौघांत म्हणाली, "ताई, पोरीला बूट चावतायत गं." संपलं! मावशी ताटावरून उठली ती गेलीच. चावत होते मला, आणि अबोला धरला या दोघींनी! माझी मुलगी शाळेत जायला लागली, तरी एकीचं तोंड पूर्वेला आणि दुसरीचं पश्चिमेला. यंदा आई माझ्या भावाकडे निघाली होती, समुद्रापार, कायमची. आता नाही बोलल्या तर कधीच नाही, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

त्यातच तिशाबाव आला. यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं, त्याच्या शोकाचा आम्हा ज्यूंचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून अन्नपाणी बंद, चामड्याचे जोडे बंद, दुपारपर्यंत खुर्चीवर बसणं बंद, आणि भेटलेल्या माणसाला 'बरी आहेस ना' विचारणंही बंद. दुसरं मंदिर आपसांतल्या निष्कारण वैराने पडलं, असं जुनी माणसं सांगतात. ते ऐकताना मी दरवर्षी या दोघींकडे बघते. ढिम्म! दोघींना वाटतं, शेजारणीबद्दल चाललंय.

सकाळी सिनेगॉगमध्ये आम्ही बायका जमिनीवर बसलो होतो. गर्दी एवढी, की आई आणि मावशी खांद्याला खांदा लावून बसलेल्या. एरवी त्यांचा अबोला डोळ्यांत खुपतो. त्या दिवशी मात्र कोणीच कोणाची विचारपूस करत नाही, त्यामुळे दोघींचं छान जमल्यासारखं दिसत होतं.

घसा कोरडा पडलेला, पडदे ओढलेले. विलापाचा तो लांबलचक सूर मंद उजेडात तरंगत होता, आणि आपण सगळ्या पाण्याखाली बसलोय असं मला वाटायला लागलं. डोळे मिटले. मी एवढीशी होते, मावशीच्या दुकानात, चामड्याच्या वासात. दोघी बहिणी कशावरून तरी खिदळत होत्या आणि मावशीच्या दातांत धरलेला दोरा हलत होता. किती बरं वाटत होतं!

डोळे उघडले, तर मावशीही पेंगलेली. डोकं थेट आईच्या खांद्यावर. तेवढ्यात ती चाळवली, अर्धवट झोपेत तिने वर बघितलं.

"अगं, तू? कधी आलीस? बरी आहेस ना?"

चांगली मोठ्याने! पुढच्या बायका वळल्या, कोणीतरी "श्श!" केलं. मावशी खाडकन जागी झाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. बिचारीचा रंगच उडाला. एवढी वर्षं पडली होती बोलायला, आणि ही बोलली नेमकी आज!

आमच्यात रीत आहे. त्या दिवशी चुकून कोणी विचारलंच, तर मन न दुखवता हळू आवाजात उत्तर द्यायचं. आई समोर बघत राहिली.

"बरी आहे गं ताई," आई हळूच म्हणाली. मग त्याहूनही हळू, "ते बूट चावत नव्हते."

धादांत खोटं! टाचांना फोड आले होते, आठवडाभर लंगडत होते मी. पण मावशीने आईचा हात घट्ट धरला होता. मी मान खाली घातली, आणि मी मंदिरासाठीच रडतेय असं सगळ्यांना वाटू दिलं.