सरकणारा ठिपका

जिंतूरच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाचे एक कारकून आहेत. दुपारचा डबा संपला की ते संगणकावर आकाशाचे फोटो उघडतात. मोठ्या दुर्बिणीने एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो. ते आलटून पालटून बघायचे. तारे जागेवर राहतात, लघुग्रह तेवढा सरळ रेषेत सरकतो.

"एखादं यान निघालेलंच असतंय, सर," ते डोळे चोळत सांगतात. "त्याच्या वाटंजवळ असा दगड घावला, तर जाता जाता बघून घेतंय."

कित्येक वर्षांनी त्यांना नवा ठिपका दिसला. त्यांनी तो फोटो पाठवणाऱ्या संस्थेला कळवला. प्राचार्यांनी लगेच सत्कार ठरवला, शाल आणली. सत्काराच्या सकाळी मी ग्रंथालयात गेलो, तर ते पुन्हा तेच फोटो बघत होते.

"हा सरळ जाईना, सर. चार फोटोंत कॅमेऱ्याचे चार डाग हायत नुसते."

"तपासणारे बघतील की. आज कार्यक्रम होऊ द्या."

"आन् खरा धरून कुणी यान वळवलं तर?"

चूक झाल्याचं त्यांनी कळवलं, प्राचार्यांनाही जाऊन सांगितलं. परत येऊन ते संगणकापुढं बसले. मग पुढचे चार फोटो उघडून त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"लय थकलो, सर. तुमी बघता का जरा?"