विनूदादाने न फोडलेला शेवट

विनूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीला मेट्रोच्या जिन्यात होते आणि मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होते. मागच्या भेटीत वाद अर्धा राहिला होता. आज जाऊन काय बोलायचं, त्यावर तो काय म्हणेल, मग त्याला कुठे पकडायचं, अशी सगळी तयारी चाललेली. फोनवर सुषमावहिनी होत्या, त्याची बायको. "रंजूताई, तुमचे दादा गेले," एवढंच म्हणाल्या. मी "हो" म्हटलं आणि आणखी दोन पायऱ्या चढले. मागचे लोक धक्के देत पुढे जात होते. माझा मुद्दा डोक्यात तयार होता आणि तो ऐकवायला माणूस नव्हता... मला रडू नंतर आलं, आधी राग आला. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही. त्यामुळे हा लेख जरा वेडावाकडा होईल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

विनूदादा माझा मामेभाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, इतवारीत चष्म्याचं छोटं दुकान चालवणारा. पण ही ओळख पुढची. माझा विनूदादा आधी काटोलचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मामाकडे जायचो, आणि तिथल्या बसस्टँडजवळच्या टपरीवर हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळायची. आमचा लाडका नायक गगनपाल. निळा पोशाख, छातीवर घार, आणि नजर कायम वर कुठेतरी. पैसे दोघांचे मिळून, त्यामुळे कॉमिक एकच यायचं, आणि ते हातात पडलं की दादा सगळ्यात आधी शेवटचं पान उघडायचा. नुसतं उघडायचा नाही, जाहीर करायचा. "जिवंत राह्यते वं, नको घाबरू!" मी पहिल्या पानावर, अजून खलनायकाचं नावसुद्धा कळलेलं नाही, आणि हा मोकळा. मी चिडायची, रडायची, मामीकडे तक्रार घेऊन जायची. मामी म्हणायची, "पुस्तकच तं आहे बाप्पा, त्यात का एवढं?" तिला कसं सांगणार? शेवट माहीत झाला की माझ्या हातात नुसता कागद उरायचा. त्याचं उलट होतं. तो म्हणायचा, "शेवट माहीत असला का मंग आरामात वाचता येते. नाहीतं जीव टांगनीले लागून राह्यते." जीव टांगणीला लागावा म्हणून तर वाचायचं, हे त्याला मी आयुष्यभर पटवू शकले नाही.

एकदा सगळे मिळून रामटेकला गेलो होतो. गडावर चढताना मी त्याला रामासमोर शपथ घ्यायला लावली, की यापुढे शेवट सांगणार नाही. त्याने गंभीर चेहऱ्याने घेतलीही. दर्शन करून बाहेर आलो आणि पायऱ्यांवर एका माकडाने माझ्या हातातलं कॉमिक ओढून नेलं. छपरावर बसून पानं फाडली, चावून पाहिली, टाकून दिली. मी नेमकी शेवटून दुसऱ्या पानावर होते. दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याने शेवट अर्थातच आधी वाचलेला होता. "सांगू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही." मी इतकी हट्टी, की पुढे कधीच विचारलं नाही, आणि तो इतका लबाड, की दर भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर विचारायचा, "रामटेकचा शेवट सांगू का वं?" आता तो शेवट कुणालाच माहीत नाही. ते कॉमिक शोधून मिळेलही, पण मला ते नकोच आहे.

मधली बरीच वर्षं कॉमिक्सविना गेली. माझी बँकेतली नोकरी, त्याचं दुकान, दोघांची लग्नं, मुलं. मग मागच्या वर्षी त्याने दुकानात बोलावून मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. कोण्या नव्या प्रकाशकाने गगनपालला परत आणलं होतं, सहा भागांच्या छोट्या मालिकेत, महिन्याला एक भाग. पन्नाशीला आलेली दोन माणसं काउंटरवर वाकून त्या चित्राकडे पाहत होती. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "नवीन फ्रेम आहे का?"

तेव्हापासून शनिवारी बँक सुटली की मी इतवारीत. हातगाड्या, टेम्पो, भांडीबाजाराचा खणखणाट यांतून वाट काढत दुकानात पोचायचं, त्याच्या मशीनवर काच घासली जात असायची, आणि नवा भाग आला असला की मी तो स्टुलावर बसून वाचायची. पार्सल दुकानात यायचं, म्हणजे शेवट त्याला आधीच माहीत. तोंडाने काही बोलायचा नाही, पण चेहऱ्याने सगळं फोडायचा. मी त्याच्याकडे पाठ करून वाचायची.

आता ही मालिका काय होती ते सांगायला हवं. या गगनपालचं वय झालेलं आहे. पहिल्या भागात तो ढगांच्या वर उडतो, दुसऱ्यात ढगांखाली, तिसऱ्यात जेमतेम इमारतींच्या गच्चीपर्यंत. उंची कमी होत चालली आहे, आणि ज्या दिवशी पाय जमिनीला लागतील त्या दिवशी शक्ती कायमची जाणार. चौथ्यापासून तो जमिनीच्या वर हातभर उरतो. मग तो पायघोळ पॅन्ट घालतो आणि बाजारातून चालल्यासारखा फिरतो. लोकांना वाटतं, आज साहेब पायी निघाले. कुणाला कळत नाही की उरलेलं उडणं एवढंच आहे. मारामारी जवळजवळ नाही. इतकं हलवणारं कॉमिक मी आजवर वाचलं नव्हतं.

आमचा वाद एकच होता. गगनपालने शहराला खरं सांगावं की नाही? मी म्हणायची, सांगायलाच हवं. ज्यांनी तुझ्यावर एवढं प्रेम केलं त्यांना तू अंधारात ठेवतोस? त्यांना निरोप घ्यायचा हक्क नाही? दादा म्हणायचा, "काहून सांगावं? सांगतलं का लोक त्याच्याकडे कीव करून पाहतीन. आज वर पाहून राहिले, पाहू दे." आम्ही तावातावाने भांडायचो. गिऱ्हाईक यायचं, नंबर काढून जायचं, आमचं पुन्हा सुरू.

चौथ्या भागापासून दादा बारीक होऊ लागला होता. डोळे पिवळसर. "पित्ताशयात खडे आहेत," म्हणाला. "तेल-तूप बंद केलं डॉक्टरनं." मी म्हटलं, बरं झालं, तर्री पोहे सुटले तुझे. पाचवा भाग त्याने मला पार्सलसकट दिला, न उघडता. "तूच वाच आधी," म्हणाला. मला केवढा आनंद! चाळीस वर्षांनी का होईना, हा माणूस सुधारला. त्याला आता शेवट बघायची घाई का नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

शेवटची भेट त्याच्या पाचपावलीच्या घरी झाली. दुकान बंद होतं, तो दिवाणावर पडून. मी पाचवा भाग वाचून तापूनच गेले होते. म्हटलं, "दादा, हा तुझा गगनपाल हिरो नाही. लपवून राहिला तो. लपवनारा भित्रा असते, भित्रा!" तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, वहिनी पाणी घेऊन धावल्या. खोकला थांबल्यावर म्हणाला, "अजून बोल." मी म्हटलं, आराम कर. "नाही वं, बोल तू. भांड." मी भांडले. वहिनी दाराशी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, मला वाटलं आवाज वाढला म्हणून.

तेरवीच्या दिवशी, पंगती उठल्यावर, वहिनींनी मला आत बोलावलं आणि सांगितलं. खडे नव्हतेच. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, सापडला तेव्हाच पसरलेला. दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वहिनींना माहीत होतं, पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाला माहीत होतं. मला नाही. "मी किती वेळा म्हटलं, रंजूताईले सांगू द्या," वहिनी म्हणाल्या. "तं म्हने, तुमचं रडनं पाहून घेतलं मी. तिले नको सांगू. तिले समजलं तं माह्याशी भांडनं बंद करन."

मला त्या घरात थांबवेना. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट या माणसाने मला आधी सांगितला. नको नको म्हणत असताना सांगितला. आणि जो शेवट मला माहीत असायलाच हवा होता तो एक तेवढा पोटात ठेवला. माझाच नियम पाळायचा होता तर हीच जागा सापडली? मी त्याला भित्रा म्हटलं आणि तो हसला... मला माहीत असतं तर मी काय केलं असतं, हे मी रोज स्वतःला विचारते. भांडले नसते. संत्री सोलून देत बसले असते, हळू आवाजात बोलले असते, त्याला नको होतं तेच सगळं केलं असतं. हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग जात नाही. बँकेत मी नोटा मोजता मोजता थांबते, चहा घेऊन येते, परत उठते. एका जागी बसवत नाही.

सहावा भाग त्याच्यामागे आला. दुकानाचं शटर खाली पाहून कुरिअरवाल्याने पार्सल शेजारच्या भांडेवाल्याकडे दिलं होतं. मी तो तिथेच, पितळी घागरींच्या थप्पीला टेकून, उभ्याने वाचला. गगनपाल कुणालाच सांगत नाही. एका साध्या सकाळी भाजी घेताना त्याचे पाय जमिनीला लागतात. तो क्षणभर थांबतो, दुधी भोपळा पिशवीत टाकतो आणि चालू लागतो. शहर वर बघत राहतं. म्हणजे वाद दादा जिंकला होता, आणि जिंकल्याचं त्याला माहीतही नव्हतं. मी सहाही भाग एकत्र बांधून वहिनींकडे पोचते केले. मला घरात नको होते.

मागच्या रविवारी वहिनी आणि मी दुकान उघडलं. लोकांचे दुरुस्तीला आलेले चष्मे तसेच पडून होते, ते परत करायचे होते. दुपारपर्यंत माणसं येत राहिली, थोडं थोडं दादाविषयी बोलून गेली. मग गर्दी ओसरली आणि वहिनी म्हणाल्या, "वाचले मी ते तुमचे सहाच्या सहा." मी चाटच पडले. ज्या बाईने आमच्या कॉमिक्सला जन्मभर पोरखेळ म्हटलं, त्या! मी लगेच विचारलं, "मंग? त्यानं सांगाले पाहिजे होतं का नाही?" मला कुणीतरी माझ्या बाजूचं हवं होतं.

वहिनी एक चष्मा पाकिटात घालत होत्या. म्हणाल्या, "तुमी दोघं त्या उडनाऱ्या मानसावरच भांडत राह्यले. थे शिवनारी बाई दिसलीच नाही का तुमाले?"

कोण शिवणारी बाई? मला खरंच आठवेना. त्यांनी मोबाइलवर काढून ठेवलेले फोटो दाखवले. चौथ्या भागात कोपऱ्यातलं एक छोटं चित्र. मशीनवर बसलेली एक बाई, तिच्यापुढे गगनपालची ती पायघोळ पॅन्ट. पाचव्यात पुन्हा तीच बाई, तीच पॅन्ट, आणि ती खालून शिवण आखूड करते आहे. सहाव्यात आणखी आखूड. तो जसजसा खाली येतो तसतशी पॅन्ट मातीत लोळायला लागते, म्हणून तो तिच्याकडे येतो. ती काही विचारत नाही. पण किती उरलं आहे, हे त्या शहरात फक्त तिला माहीत आहे. दोन बोटं, मग एक बोट.

"मी बी ह्यांच्या पॅन्टी कमरेत आत घेऊन देत होती," वहिनी म्हणाल्या. "शर्टाच्या बाजू बी. शनिवारी तुमी येत होत्या, तुमाले ढगळ दिसू नये म्हनून. शुक्रवारी मशीन काढाची आन् मोजाची, आता किती राह्यले." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यानं सांगाव का नाही सांगाव, थे सोडा. त्या बाईनं कोनाले सांगाव, रंजूताई?"

मला सांगितलं नाही म्हणून मी इतके दिवस धुमसत होते. जिला सांगितलं गेलं होतं, तिला मी साधं विचारलंही नव्हतं.

मी उठले, शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टूल त्यांच्याजवळ सरकवलं.

"मले सांगा," मी म्हटलं. "रिपोर्ट आला त्या दिवसापासून."

वहिनींनी पाकीट बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले, आणि सांगायला सुरुवात केली.