गाविलगडासाठी बारा गाठी

कापसाला सोन्याचे दिवस आले होते, त्या साली घडलेली गोष्ट. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई पेटली होती, आणि इकडे आमच्या वलगावच्या बाया चांदीने मढत होत्या. वडिलांनीही एका सकाळी आईला विचारलं, "बोल, तुले काय करू? हातात गोट करू का गळ्यात पुतळ्या?"

आईने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "मले गाविलगडावर ने."

आई गडावर जन्मली होती. ती सहा वर्षांची असताना गोऱ्यांच्या फौजेने गड घेतला. पळापळीत कुणी तरी तिला खांद्यावर टाकून खाली आणलं. तिची आई वरच राहिली. तिचं काय झालं ते कधीच कळलं नाही. गडाच्या दारावर दोन तोंडांचं दगडी पाखरू होतं, एवढंच आई सांगे. "दोन तोंडांचं पाखरू तं मी घरात रोजच पाहून राहिलो," वडील म्हणत. पण त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. ती बाई साठीच्या पुढे गेली होती आणि नवऱ्याकडे पहिल्यांदाच काही मागत होती.

गड आता ओसाड, भोवती मेळघाटचं रान. वाटाड्याशिवाय जाणं शक्यच नव्हतं. एलिचपूरच्या बाजारात रानातला मध विकायला येणाऱ्या एका कोरकूला वडिलांनी गाडीत घालून घरी आणलं. तो लगेच हो म्हणाला नाही. आधी त्याने आईला शेताच्या बांधावरून चालायला लावलं आणि स्वतः मागून निमूट चालत तिचा श्वास ऐकत राहिला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, घरात सर्वांत धाकटा आणि सर्वांत आगाऊ. मला हसू आवरेना. बैल विकत घेताना आम्हीही असंच करतो, असं मी त्याला ऐकवलं.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "चढन माय," तो म्हणाला. "धीरे धीरे चढन."

मग बेत ठरला. माघातच जायचं, त्याआधी रानात तापाची भीती, त्यानंतर वाटेतलं पाणी आटतं. त्याने झाडाच्या सालीच्या दोन दोऱ्या वळल्या, दोन्हींना बारा-बारा गाठी मारल्या. एक आईला दिली, एक स्वतःच्या कमरेला बांधली. रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची सुटेल त्या सकाळी तो घाटाच्या पायथ्याशी उभा असेल.

वडिलांची तयारी पाहून वाटे, घरात लग्नच निघालंय. पीठ, गूळ, घोंगड्या, कडबा. आई मात्र आंघोळ करून तुळशीपाशी बसे, एक गाठ सोडे आणि कामाला लागे.

इकडे माझा जीव कापसात. अमरावतीच्या दोन खेपा राहिल्या होत्या, बाजारात गाड्यांची रांग लागलेली, भाव उतरणार अशी आवई उठलेली. चांगली बैलजोडी एकच, आणि तीच गडाला जायची. पाच गाठी उरल्या असताना आई शेतावर गेल्याचं पाहून मी त्या दोरीच्या शेपटाला आणखी तीन गाठी मारल्या. म्हातारीला काय कळतंय, आणि तीन दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय? असा माझा हिशेब. दोन्ही खेपा झाल्या. भावही चांगला मिळाला. मी खुशीत होतो.

शेवटच्या गाठी वाटेत सोडत आम्ही पायथ्याशी पोचलो. वाटाड्या एका सागाखाली बसला होता. त्याने खायला आणलेली कुटकी संपली होती, गाल आत गेले होते. अर्ध्या चढावर पाणी नाही, म्हणून तो रोज पहाटे भोपळ्याचा तुंबा भरून विसाव्याच्या दगडापाशी नेऊन ठेवत होता. ऊन चढायच्या आत खाली येऊन आमची वाट पाहत होता. असे तीन दिवस. "माय आज आली," एवढंच तो म्हणाला आणि आजचं पाणी वर ठेवलंय हे सांगून पुढे चालू लागला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विसाव्याच्या दगडावर आई पाणी प्यायली, तेव्हा मी तिच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं.

"मले ठाव होतं," ती म्हणाली. "तुही गाठ कापसाच्या गठ्ठ्याची. सोडता सोडता नख तुटलं माहं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुह्या बापानं तुले झोडपलं असतं. अन् गड का पळून जाऊन राहिला?" तिने तुंबा माझ्या हातात दिला. "पी. लय थंड आहे."

तिने नऊ ठिकाणी दम घेतला. दारावर पाखरू होतं, दोन तोंडांचंच. वडील पगडी सावरत ते बराच वेळ बघत राहिले. आत नुसते दगड, गवत, पडक्या भिंती. आई त्यांतून अशी चालली की जणू कुणी हाक मारली होती. एका उंबऱ्यापाशी ती थांबली.

"हेच का घर?" मी विचारलं.

"कोन जाने," ती म्हणाली. "असनही."

ती खाली बसली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या रिकाम्या दारात बघून मोठ्याने बोलू लागली. "माय, मी मेली नाही वं. जगली. चांगल्या घरी पडली. सहा लेकरं झाले मले. तू घोर नको करू."

इतकी वर्षं आईला गड बघायचा आहे असंच आम्ही समजत होतो. तिला निरोप द्यायचा होता.

मग तिने मागे न बघता हात पसरून माझं मनगट पकडलं आणि मला पुढे ओढलं. "हा माहा धाकला," ती आत सांगत होती. "मनानं चांगला आहे." आणि मला म्हणाली, "पाया पड आजीच्या."

मी उंबऱ्यावर डोकं टेकवलं.