माइक बंद करायचा नाही

मेम्फिसच्या उत्तरेकडच्या फ्रेझर वस्तीतून गोरी कुटुंबं एकेक करून निघून गेली, तेव्हा प्रुइट मायलेकी तिथेच राहिल्या. तत्त्वाबित्त्वाचा प्रश्न नव्हता. "जायला गाडी होती कुठे?" असं लोरीन प्रुइट सांगते. त्यामुळे तिची मुलगी ट्रेसा शाळेच्या फोटोत कधी शोधावी लागली नाही. सगळ्या काळ्या चेहऱ्यांत एक पांढरा, पुढचे दोन दात किंचित पुढे आलेला.

ट्रेसा दिवसा पार्सलांच्या गोदामात काम करते. सरकत्या पट्ट्यावरून येणारी खोकी उचलायची, चिठ्ठी वाचायची, योग्य पिंजऱ्यात टाकायची. पट्ट्याच्या खडखडाटाला एक ठेका असतो आणि त्या ठेक्यावर ती शाळा सुटल्यापासून शब्द बसवत आली. रॅप तिला कोणी शिकवला नाही, आणि या वस्तीत तो कोणाला शिकवावाही लागत नाही. पण शनिवारी चौकातल्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा माइकपुढे उभी राहिली, तेव्हा मागून आवाज आला होता, "ए बाई, गिटार घरी विसरलीस का?" दुसरा म्हणाला, "थांब रे, आता गोऱ्यांचं घोड्यावरचं गाणं म्हणेल." ट्रेसाने हसणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग सुरुवात केली. ती उतरली तेव्हा घोडेवाल्यानेच तिला कोंबडीचे तिखट पंख खाऊ घातले आणि गोड चहा पाजला. तरी आडनावासारखा तो शिक्का तिच्या मागे राहिला: गोरी रॅपवाली.

अल्बम करायचा ठरला तो कॉर्डेल हायटावर याच्या आग्रहाने. कॉर्डेल शेजारचा, तिच्याच वर्गातला. त्याची मावशी मिस वर्नेटा हिच्या घरातली कपडे धुण्याची खोली त्याने स्टुडिओ केली होती. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, वॉशिंग मशीनवर कॉम्प्युटर, आणि कपाटाची दारं काढून केलेल्या कोनाड्यात माइक. वर्नेटाला चादरी धुवायच्या असल्या की रेकॉर्डिंग थांबे.

या खोलीतला एकमेव नियम ट्रेसाने घातला होता. एकदा शब्द चुकला म्हणून ती वैतागून स्वतःशीच काहीतरी बडबडली. ती बडबड गाण्यापेक्षा चांगली निघाली, पण कॉर्डेलने तेवढ्यात मशीन थांबवलं होतं आणि नंतर ती ओळ दोघांनाही आठवेना. तेव्हापासून ती आत आली की मशीन चालू करायचं आणि बाहेर पडल्यावरच बंद करायचं. ती खोकली, जांभई दिली, वर्नेटाशी भाजीबद्दल बोलली, तरी माइक बंद करायचा नाही.

अल्बम कसा असणार नाही, हे तिला आधीपासून माहीत होतं. काळ्या बायकांचं बोलणं उसनं घ्यायचं नाही. मुखपृष्ठावर कपडे काढून उभं राहायचं नाही. आणि आई आणायची नाही. गरीब गोरी पोर म्हटलं की लोकांना काय हवं असतं ते तिने टीव्हीवर पुष्कळ पाहिलं होतं: पत्र्याचं घर, नशेच्या गोळ्या खाणारी आई, रडणारी मुलगी. गोळ्यांचा भाग खरा होता, म्हणून तर तो नको होता. लोरीन सावरून बरीच वर्षं झाली होती. ती आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि तिथे तिची ओळख मक्याची खमंग पोळी करणारी बाई एवढीच होती.

"माझं काही नाही ना गं त्यात?" लोरीनने विचारलं होतं.

"एक शब्द नाही, आई."

"बघ हं. मुलं ऐकतात तसलं. शाळेतली."

"शपथ."

गाणी झाली ती गोदामाची, दुकानात मागे मागे फिरणाऱ्या पहारेकऱ्याची, बसथांब्यावरच्या बायकांची. दुकानाच्या गाण्यात पहारेकरी कॉर्डेलच्या मागे फिरतो आणि चोरलेला साबण ट्रेसाच्या खिशात असतो. ते ऐकून वर्नेटा इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. "बाळ, हे तू आमचं नाही, तुझंच सांगतेयस," ती म्हणाली. ट्रेसाला एवढंच ऐकायचं होतं.

आता राहिल्या गाण्यांमधल्या जागा. रॅपच्या अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधे काहीतरी बोलणं असतं: कोणाच्या आत्याचा फोनवरचा निरोप, मित्रांची थट्टा, रस्त्यावरचं भांडण. ते जोडणं बीट बनवणाऱ्याचं, म्हणजे कॉर्डेलचं, काम. गाणाऱ्याने त्यात नाक खुपसायचं नसतं, आणि अल्बम पुरा होईपर्यंत ते ऐकायचंही नसतं. ट्रेसा दारातूनच म्हणाली होती, "मधे काय घालायचं ते घाल. वर्नेटाच्या चादरी घाल."

फ्रेझरमध्ये अल्बम गाडीत ऐकल्याशिवाय अल्बम होत नाही. त्यासाठी कॉर्डेलची जुनी ब्युइक होती, तिच्या डिकीत सामानाऐवजी स्पीकर होते. रविवारी चर्च सुटल्यावर टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी राहिली. कॉर्डेलच्या शेजारची मानाची पुढची जागा लोरीनला दिली. मागे ट्रेसा आणि वर्नेटा. काचा वर. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत कोणी बोलायचं नाही, दार उघडायचं नाही. तोंडं बंद ठेवली तर गाणं कुठे लंगडतं ते कळतं, असं मानतात.

चौथं गाणं संपलं आणि ट्रेसाचा आवाज आला. गाण्यातला नव्हे. सर्दीने भरलेला, हळू.

ती संध्याकाळ ट्रेसाला लगेच आठवली. कोनाड्यात जमिनीवर बसून ती कॉर्डेलशी बोलली होती. शाळेने वाजवायला दिलेली क्लॅरिनेट आईने गोळ्यांसाठी विकली, आणि बँडच्या कार्यक्रमाला आपल्याला रिकामी पेटी घेऊन उभं राहावं लागलं. मग न्हाणीघराचं दार तव्याने फोडलं तो दिवस. आत पडलेल्या आईच्या ओठांचा निळा रंग. स्पीकर मोठे होते, त्यामुळे तिने नाक पुसलेलंही स्वच्छ ऐकू आलं. वर्नेटाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

लोरीनने मान वळवली नाही. मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवून ती उरलेली सगळी गाणी ऐकत बसली, कारण रीत तशी होती. शेवटचा ठोका पडला तेव्हा तिने सीटचा पट्टा सोडला.

"आवाज छान आलाय," ती म्हणाली, आणि चालत घरी गेली.

ट्रेसा पुढच्या जागेवर येऊन बसली. सीट अजून गरम होती.

"काढ ते."

"निघत नाही," कॉर्डेल म्हणाला. "अटलांटाच्या रेकॉर्ड कंपनीकडे गेलंय. आज सकाळपासून नेटवर लोक ऐकतायत."

"आज सकाळपासून? मग आम्हाला इथे कशाला बसवलंस?"

"कंपनीच्या बाई म्हणाल्या, गाणी झकास आहेत, पण ही पोर आहे कोण? ऐकणाऱ्याने धरायचं काय? मी काय सांगू? साबण?"

"हो! साबण!"

"ट्रेस, मी ते ऐकून रडलो गं. सगळ्या अल्बममध्ये तेवढं एक खरं आहे."

"बाकीचं खोटं आहे?"

"तसं नाही म्हणालो मी." तो स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. "आमच्या घरातलं सगळं रोज रेडिओवर वाजतं. आमच्या आया, आमचे तुरुंग. आम्हाला कोणी विचारतं का? तुझ्या एका आईने आभाळ कोसळलं?"

"तुझी आई मी घातली का कुठे?"

मागून वर्नेटा म्हणाली, "कॉर्डेल, ते दार मी तिच्याबरोबर फोडलं होतं. मलासुद्धा विचारलं नाहीस तू. आता उतर खाली. गाडी मी नेते."

घरी लोरीन बटाटे सोलत होती. ट्रेसाने सगळं सांगितलं: माइक, नियम, कॉर्डेल, अटलांटा. लोरीनने ऐकून घेतलं.

"मी नाही घातलं ते, आई."

"आवाज तुझा होता," लोरीन म्हणाली. "आणि त्याला तरी का सांगितलंस?"

अल्बमचं नाव झालं. एका वृत्तपत्राने लिहिलं की या मुलीने गोऱ्या रॅपवालीचा ठरीव साचा मोडून टाकला, आणि पुरावा म्हणून तोच तुकडा दिला, क्लॅरिनेटच्या रिकाम्या पेटीसह. साबणाच्या गाण्याचा उल्लेख नव्हता. गोदामात ज्या बायका तिच्याशी कधी बोलल्या नव्हत्या त्या येऊन खांद्यावर थोपटून जाऊ लागल्या. लोरीनच्या शाळेत कोणी काही बोललं नाही. फक्त कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे असत, त्या मुख्य स्वयंपाकिणीने परत मागितल्या. औषधांची पेटी कोठीत असते. "नियम बदललाय, मिस लोरीन," ती म्हणाली. लोरीनने किल्ल्या कडीतून काढून दिल्या आणि पोळीचं पीठ भिजवायला घेतलं.

कॉर्डेलने पुढे कंपनीला तो तुकडा काढायला सांगितलं. उत्तर मिळालं ते असं की लोक तेवढंच तर एकमेकांना पाठवतायत. त्याने हे फोनवर कळवलं तेव्हा ट्रेसाने "बरं" म्हटलं. त्यानंतर दोघं बोललेली नाहीत. वर्नेटाकडे ती अजून जाते, पण धुण्याच्या खोलीच्या बाजूने नाही, पुढच्या दाराने, आणि स्वयंपाकघरातच बसते.

आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका अनोळखी माणसाकडे रेकॉर्ड करते. प्रत्येक गाणं संपलं की बटण स्वतः बंद करते आणि लाल दिवा विझलेला पाहून मग श्वास सोडते. तो माणूस एकदा म्हणाला, चालू राहू दे की, चांगल्या ओळी अशाच वाया जातात. "जाऊ देत," ती म्हणाली.

अल्बमच्या पैशातून तिने एक जुनी गाडी घेतली. रविवारी मायलेकी चर्चला तिच्यातूनच जातात. परवा वळणावर लोरीन आपणहून बोलू लागली, "तुझा बाप गेला ना, त्या वर्षी मी..." आणि थांबली. ट्रेसाचा फोन काचेजवळ उभा होता, रस्ता दाखवत. लोरीनने बोटाने तो दाखवला.

"ते चालू आहे का?"

ट्रेसाने गाडी कडेला घेतली, फोन पूर्ण बंद केला, आईला काळा पडदा दाखवला आणि तो डिकीत टाकून आली. ती परत बसेपर्यंत लोरीनने पट्टा घट्ट केला होता.

"चल," लोरीन म्हणाली. "उशीर होतोय."